कागदकाम पोरखेळ नाही

१ मे जवळ आला की आमच्या मुळशी तालुक्यातल्या पौड परिसरात एक जुना वाद पुन्हा डोकं वर काढतो. महाराष्ट्र दिनाला शाळेत सकाळी झेंडावंदन होतं, मुलांना निकालपत्रक मिळतं आणि उन्हाळी सुट्टी लागते. निकालाबरोबर मुलांच्या हाती झेरॉक्स काढलेली दोन-चार पानं पडतात. झेंडा धरलेला मुलगा, महाराष्ट्राचा नकाशा, लाल किल्ला. सुट्टीत रंगवून काढा. शिवाय घोटीव कागदाच्या पताका, तिरंगी भिरभिरं, कागदी पंखा. यावर जाणत्या मंडळींचा आक्षेप ठरलेला असतो: चौथीतल्या पोराला धड वाचता येत नाही आणि तुम्ही झेंडे कसले रंगवून घेता? देशप्रेम काय खडूनं येतं का? कागद वाया, वेळ वाया, आणि दुसऱ्या दिवशी तेच झेंडे गटारात. हे सगळं बंद करा.

असं म्हणणारी माणसं मुलांचे शत्रू नाहीत. त्यातली कित्येक स्वतः शिक्षक आहेत, काहींनी आयुष्य शाळेत घालवलं आहे. म्हणूनच त्यांना गुळमुळीत उत्तर देऊन भागणार नाही. माझं म्हणणं सरळ आहे. त्या छापील पानाबद्दलची त्यांची तक्रार बरीचशी खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. पान वाईट निघालं म्हणून मुलाच्या हातातलं कागदकामच काढून घेणं हा मुलावर अन्याय आहे, आणि पौडसारख्या गावात तो दुप्पट अन्याय आहे.

पहिला मुद्दा अभ्यासाचा. आधी वाचन-गणित, मग उरलेल्या वेळात कातरकाम, असं मानणाऱ्यांनी एकदा मुलांबरोबर बसून अशोकचक्र करून पाहावं. चक्राला २४ आरे असतात. छापील पानावर ते आधीच काढलेले असतात, मूल त्यावर निळा खडू फिरवतं आणि मोकळं होतं. बाजारातल्या पानांवरचे आरे कधी मोजून पाहा, कमी-जास्त भरतात आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. आता तेच चक्र पतंगी कागदाचं करा. ताटली ठेवून गोल कापा. मधोमध घडी घाला, अर्धा गोल झाला. या अर्ध्या गोलाच्या तीन सारख्या घड्या घालायच्या. इथं मुलं अडतात, कारण तिसरा हिस्सा डोळ्यानं ठरवावा लागतो आणि दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत घडी पुढं-मागं सरकवावी लागते. हे जमलं की आणखी एकदा मधोमध घडी, आणि पुन्हा एकदा. उघडा. मध्यापासून कडेपर्यंत चोवीस रेषा उमटलेल्या असतात. दोन, सहा, बारा, चोवीस. पाढे म्हणताना जे मूल गप्प बसतं ते इथं बोटानं घड्या मोजतं आणि स्वतः सांगतं, की तीनाची घडी आधी घातली काय आणि नंतर घातली काय, चोवीसच येणार. ज्या मुलाला हे उमगलं त्याला गुणाकार उमगला आहे.

झेंड्याचंही तसंच. राष्ट्रध्वजाची लांबी आणि उंची यांचं प्रमाण ३:२ असतं आणि तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे असतात. मुलाला एवढंच सांगा आणि पट्टी हातात द्या. ते आधी १५ सेंटीमीटर लांबी घेतं, उंची १० येते, मग दहाचे तीन सारखे भाग करताना त्याची पंचाईत होते. थोड्या वेळानं ते आपणच १८ वर येतं. उंची १२, पट्टा ४. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आरे मोजताना, पट्टा आखताना त्याचा अभ्यास कुठं बुडाला, हे आक्षेपकांनी मला दाखवावं. गांधीजींच्या पुढाकारानं १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून नयी तालीम पुढं आली. हातानं करायचं काम हेच शिक्षणाचं माध्यम, हा तिचा गाभा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी, कलाकार यांच्याकडं काम शिकावं असं लिहिलं आहे. मोठ्या मुलांसाठी जे धोरण म्हणून मान्य आहे, ते पहिली-दुसरीच्या मुलांच्या बाबतीत वेळेचा अपव्यय कसं ठरतं?

दुसरा मुद्दा गटारातल्या झेंड्यांचा. तो मला आक्षेपकांइतकाच, कदाचित जास्तच लागतो. पण नियम काय आहे ते आधी पाहू. भारतीय ध्वजसंहिता, २००२ नुसार राष्ट्रीय, सांस्कृतिक आणि क्रीडाविषयक कार्यक्रमांत नागरिकांना कागदी झेंडे हातात धरता येतात. कार्यक्रमानंतर ते जमिनीवर टाकायचे नाहीत, एकांतात, ध्वजाचा मान राहील अशा रीतीनं त्यांची विल्हेवाट लावायची. म्हणजे कागद हा गुन्हा नाही, टाकून देणं हा गुन्हा आहे. आणि टाकलं काय जातं? पौडच्या चौकात विकत घेतलेला, टाचणीनं छातीवर खोचलेला, संध्याकाळी निसटून पडलेला झेंडा. ज्या मुलानं अर्धा दिवस खपून आरे मोजले, खळ लावून पट्टे चिकटवले, ते मूल आपला झेंडा रस्त्यावर टाकत नाही. घरी नेऊन देवळीत ठेवतं, आजीला दाखवतं, वर्षभर जपतं.

मात्र इथं माझा रोख दुसऱ्या बाजूलाही आहे. याच संहितेत म्हटलं आहे, की राष्ट्रध्वजाचा वापर तोरण, पताका, फुलं-फिती किंवा कसल्याही सजावटीसाठी करायचा नाही. ध्वजावर अक्षरं लिहायची नाहीत. आणि आपण मुलांना काय करायला सांगतो? चक्रासह छोटे छोटे झेंडे कापा, दोऱ्यात ओवा, वर्गात तोरण बांधा. झेंड्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर आपलं नाव आणि इयत्ता लिहा. ज्या हेतूनं हे करून घेतो त्याच हेतूला यात धक्का बसतो, आणि ते शिक्षकालाही ठाऊक नसतं, कारण कृती कुठून तरी जशीच्या तशी उतरवलेली असते. पताका जरूर कराव्यात. रंगीत कागदाच्या कराव्यात, त्यांवर पानांचे ठसे उमटवावेत, आपल्या गावांची नावं लिहावीत. राष्ट्रध्वज मात्र एकच करावा, प्रमाणात करावा आणि त्याला सजावट समजू नये. हा फरक शिकवणं हेसुद्धा नागरिकशास्त्रच आहे.

आता तिसरा मुद्दा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: देशप्रेम कागदावर येत नाही. हे ऐकायला फार भारदस्त वाटतं. पण इतिहासात तसं घडलेलं नाही. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि साने गुरुजी त्या तयारीत राबलेले. तिथल्या टिळकनगराची सजावट गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्यावर सोपवली आणि गावात मिळेल त्याच सामानातून करायला सांगितलं. बांबू, चटया, गवत. चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, गुजरातेतल्या हरिपुरा अधिवेशनासाठी याच नंदलालांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो चित्रफलक रंगवले. हातकागदावर, मातीच्या रंगांत. त्यांत काय होतं? नांगर धरलेला शेतकरी, धान्य कांडणारी बाई, सुतार, चांभार, ढोल वाजवणारा. स्वातंत्र्याच्या लढ्याचं एवढं मोठं व्यासपीठ, आणि सभोवती चित्रं कष्टकऱ्यांची. देश म्हणजे काय, हे त्या माणसानं तिथं कागदावरच सांगितलं. पुढं भारताच्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजवली तीही नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनीच. त्या पानांवर शिवाजी महाराज आहेत, झाशीची राणी आहे, दांडीला निघालेले गांधीजी आहेत. घटना लिहिणाऱ्यांना कागदावरचं चित्र पोरखेळ वाटलं नाही.

 

म्हणून माझं भांडण कागदकामाशी नाही. ते आहे बाहेरून आयत्या येणाऱ्या, कुणाच्याच नसलेल्या छापील पानाशी. नेटवर शोधून काढलेल्या या पानांत कधी तारे आणि आतषबाजी असते, कारण ती कुठल्या तरी परक्या देशाच्या राष्ट्रीय सणासाठी काढलेली असतात. भारतीय म्हणावीत तर त्यांतला शेतकरी गव्हाच्या शेतात उभा असतो, डोंगर त्रिकोणी असतात, दोन डोंगरांच्या मधून सूर्य उगवतो. असं एक पान घेऊन बसलेल्या दुसरीतल्या मुलीला मी पाहिलं आहे. शेताला कोणता रंग द्यायचा म्हणून ती अडली होती. पान म्हणत होतं सोनेरी. तिनं शेवटी सगळं करड्या-काळ्या रंगानं भरलं. विचारलं तर म्हणाली, "आमच्या शेतात राब भाजलाय ना." तिचं बरोबर होतं. एप्रिल-मे महिन्यात मुळशीतलं भातखाचर काळंच असतं. पालापाचोळा, गोवऱ्या, शेण पसरून राब भाजलेला असतो, पावसाआधी तिथं रोप टाकायचं असतं. जे आंबेमोहोर तांदळाचं नाव सगळीकडं घेतलं जातं, त्याचा आरंभ त्या काळ्या तुकड्यात असतो. तिला ते दिसत होतं, पानाला दिसत नव्हतं. आणि त्या पानावर शेरा पडला, की रंग चुकला.

असे शेरे खाऊन मूल काय शिकतं? आपल्या डोळ्यांना दिसतं ते चूक आणि छापून आलेलं ते बरोबर. देश म्हणजे दुसरीकडं कुठं तरी असलेली वस्तू, तिथं आपलं गाव नाही. देशप्रेम कागदावर येत नाही म्हणणाऱ्यांना मी म्हणेन, की अशा कागदावर ते येणारच नाही. पण म्हणून कागद फेकायचा नसतो, बदलायचा असतो.

आणि पौडमध्ये त्या कागदावर आणण्याजोगं केवढं आहे! १९२१ चा एप्रिल महिना घ्या. ३१ मार्च आणि १ एप्रिलला बेझवाड्यात, म्हणजे आजच्या विजयवाड्यात, काँग्रेसची बैठक झाली. तिथं पिंगळी वेंकय्या यांनी झेंड्याचा नमुना गांधीजींपुढं ठेवला. १३ एप्रिलच्या 'यंग इंडिया'त गांधीजींनी राष्ट्रध्वजावर लेख लिहिला. आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, आपल्या मुळशी खोऱ्यात हजारावर मावळे, त्यांत बायाही, त्यांच्या जमिनी बुडवणाऱ्या टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले. झेंड्याची कल्पना देशापुढं येत होती त्याच पंधरवड्यात आमचे पणजोबा आपल्या जमिनीसाठी सत्याग्रह करत होते. या दोन गोष्टी एका पानावर आणणारं चित्र आजवर एकाही मुलाच्या हाती पडलेलं नाही.

या लढ्यातूनच पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. पारनेरचा हा माणूस शिकायला विलायतेत गेला, पॅरिसमध्ये बॉम्ब करण्याची विद्या शिकून आला आणि मुळशीत शेतकऱ्यांबरोबर सत्याग्रहाला उभा राहिला. पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला. १९२४ मध्ये धरणाच्या कामाची रेल्वे अडवली म्हणून सात वर्षांची शिक्षा झाली. विनायकराव भुस्कुट्यांनी या सगळ्याचा इतिहास लिहून ठेवला, आणि प्रा. राजेंद्र व्होरा यांनी तर आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं. १५ ऑगस्ट १९४७ ला पुणे शहरात पहिल्यांदा तिरंगा फडकवण्याचा मान मिळाला तो याच सेनापती बापटांना. पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होते, म्हणजे १ मे या दिवसाशीही त्यांचा थेट संबंध आहे. राष्ट्रध्वज, महाराष्ट्र दिन आणि मुळशी खोरं, तिन्ही ज्या एका माणसापाशी येऊन मिळतात, त्याचं चित्र पौडच्या मुलाला रंगवायला का मिळू नये? तो माणूस रोज सकाळी खराटा घेऊन रस्ता झाडत असे. हातात खराटा धरलेला सेनापती: सहा वर्षांच्या मुलालाही काढता येईल असं हे चित्र आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, तोही ऐकलेला आहे: हा तर हरलेला लढा. धरण झालं, पन्नासच्या वर गावांना त्याची झळ बसली, खोऱ्यातली घरं-शेतं पाण्याखाली गेली, पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली भिऱ्याला नेऊन त्यावर वीज केली आणि ती मुंबईला गेली. लहान मुलांना हे दुःख कशाला? सणाच्या दिवशी विजयाचं काही सांगावं.

हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त खटकतो. मुळशीच्या जलाशयावर आज पुण्या-मुंबईची माणसं पावसाळी सहलीला येतात, फोटो काढतात, भजी खाऊन जातात. ताम्हिणीकडं जाताना आमचीच मुलं गाडीच्या खिडकीतून ते पाणी पाहतात. त्या पाण्याखाली काय आहे हे त्यांना कुणी सांगायचं? ज्यांची गावं गेली त्यांची पणतवंडं-खापरपणतवंडं आज याच तालुक्यातल्या शाळांत शिकतात. मूल दुःखाला घाबरत नाही. गोष्टीतला राजा मेला तरी ते पुढं काय झालं विचारतं. घाबरतो आपण, कारण पुढं काय झालं याचं उत्तर आपल्याकडं तयार नसतं. आणि हरलेल्या लढ्याचंच म्हणाल, तर १८५७ चं काय? झाशीची राणी आपण मोठ्या अभिमानानं रंगवायला देतो. तिथं हरणं आड येत नाही, मग मुळशीतच का यावं? मला विचाराल तर ती दूर आहे म्हणून सोपी वाटते. जवळच्या माणसाचं चित्र काढायचं तर त्याच्या जमिनीचं काय झालं, नुकसानभरपाई कुणाच्या पदरात पडली, हेही विचारावं लागतं. ते प्रश्न टाळण्यासाठी आपण मुलांच्या हाती लाल किल्ला देतो.

राहता राहिला शिक्षकांचा प्रश्न. दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग अशा डोंगरातल्या शाळेत एका शिक्षकानं वेगळं चित्र काढून पान कधी तयार करायचं, ही अडचण खरी आहे आणि मी ती उडवून लावत नाही. पण त्यावरचा उपाय छापील पान नाही, कोरा कागद आहे. कोऱ्या कागदाला शिक्षकाची तयारी लागत नाही, फक्त एक प्रश्न लागतो. तुमच्या वाडीत झेंडा कुठं लावतात ते काढा. आजोबांना विचारा, आपलं जुनं गाव कुठं होतं, आणि ते सांगतील तसं काढा. सामान नसल्याची तक्रार तर मुळीच खरी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा शिंपले, खडे, पानं, बिया एवढंच साधन होतं. आपल्या पुण्यातच, आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं जुन्या वर्तमानपत्रापासून टोप्या आणि खेळणी करून दाखवली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पौडच्या आसपास फाल्गुनात पळस फुलतो, त्याची फुलं वाळवून ठेवली तर पाण्यात उकळून मे महिन्यात केशरी रंग निघतो. हिरव्यासाठी पाला आहे, निळ्यासाठी कपड्यांची नीळ आहे, चिकटवायला भाताची खळ आहे. काही विकत आणायचं असेल तर ते फक्त पतंगी कागदाचे दोन ताव.

ज्यांना हे सगळं बंद व्हावं असं वाटतं त्यांना माझी विनंती आहे, की बंद करायचं असेल तर ते आयतं पान बंद करा. आणि मुळशी तालुक्यातल्या शिक्षकांना व पालकांना एवढंच सांगणं, की येत्या १ मेला निकालपत्रकाबरोबर मुलाला एक कोरा कागद आणि एक प्रश्न द्या. जून महिन्यात शाळा उघडल्यावर ते कागद गोळा करा, भिंतीवर लावा, आणि ज्यांच्याकडून मुलांनी गोष्टी ऐकल्या त्या आजी-आजोबांना ते पाहायला शाळेत बोलवा. राब काळा रंगवला म्हणून कुणाचे गुण कापू नका.